रोड बाईकची फ्रेम : ५२ घेऊ की ५४?

नवा_गिअर · सोमवार, २१:१०

नमस्कार मंडळी. बाईक म्हणजे सायकलच, पेट्रोलवाली नाही, हे आधीच सांगून टाकतो. मागच्या धाग्यावर दोघांनी मायलेज विचारलं होतं.

तीन वर्षं हायब्रिड चालवली. आता खाली वळलेल्या हँडलची रोड बाईक घ्यायची आहे. माझी उंची १७० सेंमी. एका कंपनीच्या तक्त्यात या उंचीला ५२ येतं, दुसरीच्या तक्त्यात ५४, आणि तिसरी नुसतं 'एम' म्हणून मोकळी होते. दुकानातल्या मुलानं मला दोन पायांत सायकल धरून उभं केलं, खाली बघितलं आणि म्हणाला, ''चौपन्न, डोळे झाकून घ्या.'' डोळे झाकायची हिंमत होत नाही, कारण गेले दीड महिने मित्राची ५६ ची उसनी चालवतोय आणि तासाभरात मान आणि खांदे धरतात. मित्र म्हणतो, सवय होईल.

पॅंटच्या लेबलवर इनसीम, म्हणजे पायाची आतली लांबी, ३० इंच आहे, म्हणजे ७६ सेंमी. इनसीम गुणिले ०.६७ असं सूत्र वाचलं, त्यानं ५१ येतं. आता तक्ता खरा, सूत्र खरं की दुकानातला मुलगा?

चेनवंगण · सोमवार, २१:३४

तिघंही खोटे. सगळ्यात मोठं खोटं म्हणजे पॅंटचं लेबल.

पॅंट कुठे बसते आणि सीट कुठे बसते, यात चांगलं चार-पाच सेंमीचं अंतर असतं. अनवाणी भिंतीला पाठ लावून उभे राहा. पावलांत वीतभर अंतर. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक दोन पायांमध्ये धरा, कणा वरच्या बाजूला, एक कड भिंतीला काटकोनात टेकलेली. सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढा येईपर्यंत वर ओढा. लाजू नका, हळुवार ओढलंत तर आकडा चुकेल. भिंतीवर पेन्सिलीची खूण, जमिनीपासून मोजा. तीनदा करा, सरासरी घ्या. पेन्सिल धरायला दुसरं माणूस असेल तर उत्तम.

उलटा_वारा · सोमवार, २२:०२

एवढा काथ्याकूट कशाला? दोन साइजमध्ये अडकलात की लहान घ्यायची. लहान फ्रेम हलकी आणि ताठ. सीटपोस्ट (सीटचा दांडा) वर काढा, १२० मिमीचा स्टेम (हँडलला फ्रेमशी जोडणारा तुकडा) लावा, पुढच्या चाकावर वजन येतं आणि वळणावर सायकल रुळावरून गेल्यासारखी जाते. मोठी फ्रेम लहान करता येत नाही, लहान मोठी करता येते. शर्यतीतले व्यावसायिक लोक काय वेडे आहेत का?

हळूहळू · सोमवार, २२:२०

व्यावसायिक लोक वेडे नाहीत, पण ते विशीत असतात, दिवसाचे पाच तास तेच करतात आणि संध्याकाळी अंग चोळून द्यायला माणूस असतो. आमच्या साठीच्या कंबरेला तुमचा १२० चा स्टेम लावून पाहा एकदा.

लहान फ्रेममध्ये सीट वर जाते हे बरोबर. पण हँडल खालीच राहतं, ते कोण सांगणार?

काटकोन · मंगळवार, ००:१५

उशीर झालाय, पण हळूहळू यांनी दुखरी नस पकडली आहे, म्हणून लिहितोच.

५२, ५४ हे आकडे आले कुठून ते आधी पाहू. जुन्या स्टीलच्या सायकलींची वरची नळी जमिनीला समांतर असे. तेव्हा सीट ट्यूबची, म्हणजे सीटखालच्या उभ्या नळीची, लांबी सांगितली की बाकी फ्रेमचा अंदाज यायचा. तिथेही एकवाक्यता नव्हतीच: कोणी मधून मधपर्यंत मोजायचं, कोणी मधून नळीच्या टोकापर्यंत. एकाच फ्रेमचे दोन आकडे, फरक दीड-दोन सेंमी. पुढे १९९० च्या दशकात सायकलींचे रचनाकार माइक बरोज यांनी जायंट कंपनीसाठी उतरत्या वरच्या नळीची टीसीआर ही सायकल केली, आणि ती पद्धत सगळीकडे पसरली. नळी उतरती झाली की सीट ट्यूब हवी तेवढी आखूड करता येते. मग आज '५४' छापलेल्या फ्रेममध्ये ५४ सेंमीचं काहीच सापडत नाही. तो आता चपलेच्या नंबरासारखा झालाय, कंपनीगणिक वेगळा.

तुलना करायची तर दोनच मापं बघा, स्टॅक आणि रीच. दोन्ही बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून, म्हणजे जिथे क्रँक (पेडलचा दांडा) फिरते त्या बिंदूपासून, हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या आखूड नळीच्या) वरच्या टोकाच्या मध्यापर्यंत. सरळ वर किती तो स्टॅक. आडवं पुढे किती तो रीच. यात सीट येत नाही, कारण सीट कुठे असायची ते तुमचे पाय ठरवतात, फ्रेम नाही.

क्रमही तोच. आधी सीट पेडलच्या हिशेबानं बसवायची, मग हँडल सीटच्या हिशेबानं. हँडल लांब वाटतंय म्हणून सीट पुढे सरकवणारे लोक मानेचं दुखणं गुडघ्यात नेतात.

नुसताच_वाचक · मंगळवार, ०८:०५

वाखु (वाचनखूण) साठवली. पहिल्यांदाच स्टॅक-रीच डोक्यात शिरलं.

नवा_गिअर · मंगळवार, २०:४०

पुस्तक, पेन्सिल आणि बायको असा संच जमवून तीनदा मोजलं. ८०.३, ८०.७, ८०.५. धरू ८०.५. लेबल साडेचार सेंमीनं खोटं निघालं!

०.६७ नं आता ५४ येतं. म्हणजे दुकानातला मुलगा बरोबर?

चेनवंगण · मंगळवार, २०:५८

थांबा. आधी सीटची उंची काढू, ती लागेलच.

अमेरिकी सायकलपटू ग्रेग लेमाँडमुळे गाजलेलं सूत्र आहे, मूळ त्याचे प्रशिक्षक सिरिल गिमार यांचं: इनसीम गुणिले ०.८८३, बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत. तुमचं ७१.१ सेंमी येतं. दुसरं त्याहून जुनं, हॅम्ली आणि थॉमस यांचं १९६७ चं: इनसीमच्या १०९ टक्के, पण पेडलपासून, क्रँक सीट ट्यूबच्या रेषेत खाली असताना. ते ८७.७. त्यातून १७ सेंमीची क्रँक वजा केली की ७०.७. दोन वेगळ्या वाटांनी जाऊन चार मिलिमीटरच्या आत आलो, म्हणजे मोजमाप ठीक आहे.

हा आरंभबिंदू समजा, शिलालेख नव्हे. पेडल तळाशी असताना गुडघा पूर्ण सरळ होऊ नये, २५ ते ३५ अंश वाकलेला राहावा. सीटवर ढुंगण डावी-उजवीकडे डुलायला लागलं तर उंची जास्त आहे. मागून कोणाला तरी बघायला सांगा, स्वतःला कळत नाही.

काटकोन · मंगळवार, २३:३०

१७० उंचीला ८०.५ इनसीम म्हणजे पाय जरा लांब, धड जरा आखूड. सगळा पेच इथेच आहे. पाय म्हणतात मोठी घ्या, धड म्हणतं लहान घ्या. ०.६७ चं सूत्र फक्त पायांचं ऐकतं आणि उंचीचा तक्ता दोघांची सरासरी काढून दोघांनाही नाराज करतो.

ज्या सायकली बघताय त्यांचे स्टॅक-रीच टाका, सगळ्या साइजचे.

नवा_गिअर · बुधवार, १३:१२

दोन मॉडेल मनात आहेत. नावं लिहीत नाही, नाहीतर धागा कुठली कंपनी भारी यावर जाईल.

शर्यतीची: ५२ ला स्टॅक ५२७, रीच ३७८. ५४ ला स्टॅक ५४५, रीच ३८४.
लांब पल्ल्याची: ५२ ला स्टॅक ५५५, रीच ३७४. ५४ ला स्टॅक ५७५, रीच ३८०.

सगळं मिमीमध्ये. शर्यतीच्या ५२ आणि ५४ मध्ये रीचचा फरक फक्त ६ मिमी? सहा मिलिमीटरसाठी मी दोन आठवडे झोपलो नाही?

उलटा_वारा · बुधवार, १३:३०

म्हणून तर म्हटलं, लहान घ्या आणि चालवायला लागा.

काटकोन · बुधवार, २२:५०

सहा नाही, अकरा. कसे ते सांगतो, कारण नव्वद टक्के लोक इथेच फसतात. (हा आकडा माझा, गाढ अनुभवातून आणि थोड्या रागातून आलेला.)

हेड ट्यूब उभी नसते, मागे कललेली असते, साधारण ७३ अंशांत. त्यामुळे स्टेमखाली १० मिमीचे स्पेसर (उंची वाढवणाऱ्या कड्या) घातले की हँडल वर जातं आणि सुमारे ३ मिमी मागेही येतं. म्हणून वेगवेगळ्या स्टॅकच्या सायकलींचे रीच सरळ समोरासमोर ठेवायचे नसतात. आधी दोन्ही एका उंचीवर आणायच्या.

शर्यतीची ५२ घ्या. तिला ५४ च्या उंचीवर आणायला १८ मिमी स्पेसर, म्हणजे रीच ५ नं कमी: ३७३. समोर ५४ चे ३८४. खरा फरक ११ मिमी, म्हणजे स्टेमचा एक नंबर.

आता गंमत. दोन्ही ५४ समोरासमोर ठेवा. सगळे सांगतील, लांब पल्ल्याची जवळ, शर्यतीची लांब. शर्यतीच्या ५४ ला ३० मिमी स्पेसर घालून ५७५ वर आणा: ३८४ वजा ९, म्हणजे ३७५. लांब पल्ल्याची ५४ तर ३८० ची! त्याच उंचीवर 'आरामाची' सायकल ५ मिमी लांब निघाली.

नुसताच_वाचक · बुधवार, २३:०२

हे दोनदा वाचलं. मग कागदावर आकृती काढली. मग पटलं.

उलटा_वारा · बुधवार, २३:१५

हिशेब मान्य. पण वरच्या नळीचं माप तक्त्यात असतंच की. माझ्या तक्त्यात ५२ ला ५२९, ५४ ला ५४५. सोळाचा फरक आहे, ६ नाही आणि ११ ही नाही.

काटकोन · बुधवार, २३:४०

ती आडवी धरलेली 'प्रभावी' वरची नळी. त्यात सीट ट्यूबचा कोन मिसळलेला असतो. लहान साइजला कोन उभा, मोठ्या साइजला थोडा कललेला. तुम्ही सीट मागेपुढे करून ती बॉटम ब्रॅकेटपासून आपल्या ठरल्या जागी आणलीत की तो फरक विरघळतो. सीटच्या उंचीवर एका अंशाला सुमारे १२ मिमी, म्हणजे अर्ध्या अंशाला ६. फक्त नळीच्या लांबीवर सायकल घेणं म्हणजे बाहीवरून शर्ट घेणं.

बुटकी_चाकं · गुरुवार, ०७:२०

मधेच घुसते. माझी उंची १५२. तुमचे ५२-५४ चे वाद म्हणजे आम्हाला श्रीमंतांची भांडणं वाटतात.

अगदी लहान फ्रेमचं दुखणं वेगळंच आहे. चाकं तीच ७०० ची, फ्रेम मात्र आखूड. मग हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. ते टाळायला कंपन्या पुढचं चाक फार मागे येऊ देत नाहीत, आणि त्यामुळे सगळ्यात लहान दोन साइजमध्ये रीच जवळजवळ सारखाच राहतो. मी ज्या दोन साइजमध्ये अडकले होते त्यांत फक्त ३ मिमीचा फरक होता. लहान घेऊन जवळ आले असं समजत होते, आले काहीच नाही.

माझं गणित फ्रेमबाहेर सुटलं: ७० मिमी पुढे जाणारं आखूड हँडल, रुंदी ३८, क्रँक १६५, आणि ब्रेकचे लिव्हर स्क्रूनं आत घेतले. लिव्हर आत घेता येतात हे मला दुकानात कोणी सांगितलंच नव्हतं. वर्षभर बोटांच्या टोकांनी ब्रेक लावत होते.

आणि बायकांचं धड आखूड असतं म्हणून बायकांची वेगळी फ्रेम घ्या, असं कोणी सांगितलं तर आधी मोजा. माझं धड लांब आहे.

चेनवंगण · गुरुवार, ०९:०१

बुटकी_चाकं, लिव्हरच्या मुद्द्याला नमस्कार. क्रँकचंही नवा_गिअरनी बघावं. बरेचदा ५२ ला १७० येते आणि ५४ ला १७२.५. क्रँक अडीच मिमीनं आखूड केली तर सीट तेवढीच वर.

आता तुमच्या मानेकडे वळतो. सीट ७१.१, सीट ट्यूबचा कोन साडेत्र्याहत्तर धरला तर बॉटम ब्रॅकेटपासून उभी उंची साधारण ६८२ मिमी. शर्यतीच्या ५२ वर एकही स्पेसर न घालता, १०० चा नेहमीचा वजा सहा अंशांचा स्टेम लावला, तर हँडलचा मध्य ५७६ च्या आसपास येतो. म्हणजे हँडल सीटपेक्षा साडेदहा सेंमी खाली. तुमच्या हायब्रिडवर किती होतं?

नवा_गिअर · गुरुवार, १९:४५

हायब्रिडवर आत्ताच मोजलं. हँडल सीटपेक्षा एक सेंमी *वर* आहे.

हळूहळू · गुरुवार, २०:१०

झालं तर मग. एकदम साडेअकरा सेंमीची उडी. मान नाही धरली तर नवल.

मी लांबच्या राइड करतो, दोनशे-तीनशे किमीच्या. माझं हँडल सीटच्या ४ सेंमी खाली आहे आणि मला कोणी हसलं तर मी सहाव्या तासाला त्यांच्याकडे बघून हसतो. खालचं हँडल वाईट नाही, पण तिथे आरामात राहता आलं पाहिजे. खालच्या वळणाला कधीच हात जात नसेल, तर हँडल तुमच्यासाठी फार खाली आहे.

उलटा_वारा · गुरुवार, २०:३२

काका, तुम्ही मागच्या महिन्यात मला चढावर मागे टाकलंत, ते विसरलेलो नाही. गप्प बसतो.

हळूहळू · गुरुवार, २०:३५

काका म्हणू नका.

काटकोन · गुरुवार, २३:२०

नवा_गिअर, उसनी ५६ आहे तोवर तिचं माप घ्या. ती तुम्हाला त्रास देते, म्हणूनच ती उपयोगाची. मागचं चाक भिंतीला टेकवून सायकल सरळ उभी करा, सपाट जमिनीवर. भिंतीपासून बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापर्यंत आणि भिंतीपासून हेड ट्यूबच्या वरच्या मध्यापर्यंत आडवं मोजा. दोन्हींची वजाबाकी म्हणजे रीच. तसंच जमिनीपासून उभं मोजलं की स्टॅक. ओळंबा सोडलात तर चूक दोन-तीन मिमीच्या आत राहते. दोऱ्याला नट बांधला तरी चालेल.

नवा_गिअर · शनिवार, ११:२५

मोजलं. स्टॅक ५६६, रीच ३९१, स्टेम ११०.

स्टेम उलटा करून बघू का? मित्र म्हणतो उलटा केला की वर येतो.

चेनवंगण · शनिवार, ११:५०

येतो. १०० च्या वजा सहाचा अधिक सहा केला की हँडल सुमारे २० मिमी वर आणि ६ मिमी जवळ. ११० ला किंचित जास्त. फुकटचा प्रयोग आहे, आठवडाभर करा. पण त्यावर ८० पेक्षा आखूड स्टेम लावून ती सायकल आपलीशी करायला जाऊ नका. हँडल अस्वस्थ वाटतं, हात जरा हलला की सायकल वळते. फ्रेम मोठी असेल तर स्टेमनं ती लपवायची नाही.

काटकोन · शनिवार, १६:०५

५६ ला ५७५ वर आणली तर रीच ३८८. लांब पल्ल्याची ५२ त्याच उंचीवर २० स्पेसरसकट ३६८. म्हणजे त्याच स्टेमवर दोन सेंमी जवळ. १०० चा स्टेम असेल तर तीन. तुमच्या मानेसाठी हे खरंच वेगळं जग असेल.

शर्यतीची ५२ बाद. तिला ५७५ वर न्यायला ४८ मिमी स्पेसर लागतील आणि कार्बनच्या स्टिअररवर (स्टेम जिच्यावर बसतो त्या नळीवर) बहुतेक ठिकाणी ३०-४० च्या वर परवानगी नसते. शर्यतीची ५४ होऊ शकेल, पण ३० स्पेसर घालून शर्यतीची सायकल घेण्यात काय हशील? उरल्या लांब पल्ल्याच्या ५२ आणि ५४. त्या दोन्ही चालवून बघा, दुकानासमोरची चक्कर नको, अर्धा तास तरी. दोन्हींवर सीट आधी ७११ ला लावून घ्या. नाहीतर सायकलींची नाही, सीटांची तुलना होईल.

नवा_गिअर · पुढचा रविवार, १८:३०

दोन्ही चालवल्या, प्रत्येकी चाळीस मिनिटं. फूटपट्टी घेऊन गेलो होतो, दुकानातला मुलगा आधी हसला, मग स्वतःच धरायला आला.

५४ वाईट नव्हती. पण ब्रेकच्या टोपणांवर हात ठेवले की कोपर सरळ ताठ व्हायचे, आणि परत येताना बघितलं तर मी नकळत सीटच्या टोकावर सरकलो होतो. ५२ वर कोपर वाकलेले राहिले, खालच्या वळणाला हात गेला आणि तिथे बराच वेळ थांबला. ५२ घेतली. २० मिमी स्पेसर, १०० चा स्टेम, क्रँक १७०.

सूत्र ५४ म्हणत होतं, पाय ५४ म्हणत होते. सीटपोस्ट चांगलाच उंच निघालाय, मित्र त्याला झेंड्याची काठी म्हणतो.

चेनवंगण · रविवार, १८:४८

अभिनंदन! काठी असू दे, पण सीटपोस्टवरची किमान खोलीची रेघ फ्रेमच्या आत आहे ना, तेवढं बघा. आणि स्टिअरर लगेच कापून घेऊ नका. वर उरलेल्या टोकावर स्पेसर राहू द्या, दिसायला वाईट दिसतं, दिसू दे. हजारेक किमी झाल्यावर बहुतेकांना हँडल थोडं खाली हवंसं वाटतं, काहींना उलट. कापलेला तुकडा परत जोडता येत नाही.

नवा_गिअर · रविवार, १९:०५

रेघ आत आहे, तीन सेंमी खाली. ५६ आज मित्राला परत केली. स्टेम सरळ करून, पुसून.

छप्पनवाला · रविवार, २१:४०

मी तो मित्र. झेंड्याची काठी माझीच उपमा.

धागा पहिल्यापासून वाचला आणि मग गुपचूप पुस्तक घेऊन भिंतीला उभा राहिलो. माझी उंची १७२, याच्यापेक्षा दोनच सेंमी जास्त. इनसीम ७७. ०.६७ नं मला ५२ यायला हवी. मी चार वर्षं ५६ चालवतोय, ११० च्या स्टेमवर, आणि माझी मान कधीच दुखली नाही. सवय होईल असं याला सांगत होतो ते मनापासून सांगत होतो.

सिग्नलला उतरलो की वरची नळी टेकते, ते मात्र आहे. आणि सीटपोस्ट जेमतेम चार बोटं बाहेर आहे.

काटकोन · रविवार, २२:१५

हात किती लांब आहेत तेही मोजून टाका.